जुनी वस्तू विकल्यावर घेणाऱ्यानं पैसे परत मागितले तर द्यायचे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्रंट लोड वॉशिंग मशीन ऑनलाइन जाहिरात देऊन साडेआठ हजाराला विकलं, नेण्याआधी चालवून दाखवलं, आणि नवव्या दिवशी घेणाऱ्याचा मेसेज आला की कपडे पिळताना मशीन घरभर नाचतंय, पैसे परत द्या नाहीतर पोलिसात जातो. मित्र म्हणतायत, नंबर ब्लॉक कर.

ब्लॉक करू नका. मी लिहायला बसले ती त्या एका शब्दासाठी. २०२३ च्या जुलैत माझ्या सख्ख्या भावानं मला हाच सल्ला दिला होता आणि त्यावरून आमच्यात जे वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

मी विकली होती अण्णांची, म्हणजे वडिलांची, पेटी. साडेतीन सप्तकांची, दुहेरी सुरांची. गल्लीतल्या भजनी मंडळात चाळीस वर्षं त्यांनी ती वाजवली. ते गेल्यावर दोन वर्षं ती कपाटावर पडून होती. पेटी नुसती ठेवून दिली की मरते, भात्याचं चामडं आखडतं, सुरांत धूळ बसते. मला जेमतेम चार अभंगांपुरतं येतं, दादाला दुकानातून सवड नाही. वाजवणाऱ्याच्या घरी जाऊ दे असं दोघांनी मिळून ठरवलं. जाहिरात मी टाकली: एकहाती वापर, उत्तम स्थिती, चौदा हजार.

फोन आला चिपळूणहून. शाळेतले सर, मुलगी पेटी शिकते. व्हिडिओ कॉलवर मी खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या वाजवून दाखवल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "ताई, सांगलीची पेटी म्हणजे २०१९ च्या पुरात होती का? स्पष्ट सांगा. आमची २०२१ ला वाशिष्ठीच्या पाण्यात गेली, म्हणून विचारतोय."

मी म्हणाले, "नाही हो सर. पाणी चढायच्या आधीच अण्णांनी ती माळ्यावर ठेवली होती."

शब्द न् शब्द खरा होता. पण मी तिथंच थांबले. पुढचं असं होतं की पाणी ओसरून घर उघडायला आम्हाला दहा दिवस लागले, बंद घरातल्या त्या ओलीनं भात्याच्या घड्यांवरचं चामडं सुटलं, आणि अण्णांनी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून भाता नवा करून आणला. हे मी लपवलं नाही. मला ते सांगण्याजोगं वाटलंच नाही. नवा भाता म्हणजे उलट चांगलंच की, असा माझा हिशोब.

सरांनी यूपीआयनं पैसे पाठवले. मी खोक्यात थर्माकोल भरून पेटी बांधली आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवली.

अकराव्या दिवशी मेसेज आला. खालच्या सप्तकातला 'ग' पट्टीला हात न लावता, नुसता भाता हलवला की वाजत राहतोय. दोन काळ्या पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं आत बघून सांगितलं, भाता बदललेला आहे, ही पाण्यातून काढलेली पेटी. आणि खाली एकच ओळ: "ताई, मी तुम्हाला विचारलं होतं."

शिवीगाळ असती तर मी दादाचं ऐकलंही असतं. त्या ओळीनं माझी झोप गेली.

दादाचं म्हणणं सरळ होतं. विकलं म्हणजे संपलं. अकरा दिवसांत त्यानं तिथं काय केलं कोणाला ठाऊक. उत्तर दिलंस की अडकलीस, नंबर ब्लॉक कर. त्याच्या कापडाच्या दुकानात गल्ल्याच्या मागं पाटी आहे, 'एकदा विकलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही'. तीस वर्षं ती पाटी पाठीशी घेऊन बसलेला माणूस दुसरं काय सांगणार? दादा, तू हे वाचशीलच, म्हणून लिहिते: ती पाटी तुझ्या दुकानातसुद्धा चालत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल तर ती तीस दिवसांची धरतात.

मी सरांना लिहिलं, "पेटी पाण्यात नव्हती. भाता नवा केलाय हे मात्र खरं, ते मी सांगायला हवं होतं. रविवारी मी येते. तोवर कोणाला उघडू देऊ नका." कराडला गाडी बदलून कुंभार्ली घाटातून चिपळूणला पोचले. बाहेर जुलैचा धो धो पाऊस. सरांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर दाराच्या चौकटीच्याही वर एक मळकी आडवी रेघ होती, रंग मारूनही उमटलेली. त्यांनी ती दाखवली नाही, मीच बघितली. आमच्या जुन्या घरातही तशीच आहे, कमरेएवढी.

पेटी सतरंजीवर ठेवून मी वरची जाळी काढली. स्क्रू काढून एका वाटीत ठेवले, अण्णा ठेवायचे तसे. 'ग'ची पट्टी हळूच उचलली. पट्टीखालचं चामडं लावलेलं झाकण सुराच्या भोकावर चपखल बसावं लागतं, तिथं केसाएवढी फट राहिली तरी हवा जाते आणि सूर आपोआप बोलतो. त्या झाकणाखाली थर्माकोलचा एक पांढरा मणी अडकला होता, मोहरीएवढा. माझ्याच खोक्यातला. पेटी कापडात गुंडाळून मग खोक्यात ठेवायला हवी होती, मी नुसतीच ठेवली होती. कागदाची घडी सरकवून मणी काढला, मुलीला म्हटलं भाता मार. पेटी गप्प.

काळ्या पट्ट्यांचं कारण कोकणातली हवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि शेजारशेजारच्या पट्ट्या एकमेकींना घासायला लागतात. सर काचपेपर घेऊन आले होते, मी मारू दिला नाही. आता घासलं तर उन्हाळ्यात लाकूड आकसल्यावर पट्ट्या खडखडतात. दमट हवेत पेटी उघडी ठेवायची नाही, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, आणि रोज वाजवायची, एवढंच सांगितलं.

मग सगळ्यात अवघड भाग. सूर बसवलेली फळी उचलून त्यांना दाखवली. पेटी पुराच्या पाण्यात बुडालेली असती तर पितळी सुरांवर हिरवा कळंक चढलेला असता आणि लाकडाच्या सांध्यांत गाळाची रेघ दिसली असती. सूर स्वच्छ पिवळे होते. आणि आतल्या बाजूला कारागिरानं शिसपेन्सिलीनं लिहून ठेवलेलं सापडलं: 'भाता नवीन, ऑक्टो. २०१९'. सरांनी ते चष्मा काढून, जवळ नेऊन वाचलं. म्हणाले, "एवढंच सांगितलं असतंत तरी मी घेतलीच असती ताई. भाव केला असता थोडा."

मी तिथंच त्यांना दीड हजार परत पाठवले. त्यांनी आढेवेढे न घेता घेतले, ते मला आवडलं.

दादाला हे कळल्यावर तो जे बोलला त्यानं खरं बिनसलं. "पैसे परत दिलेस म्हणजे अण्णांची पेटी खराब होती हे तू कबूल केलंस. त्यांच्या नावाला बट्टा लावलास." त्या वर्षी गणपतीला आम्ही एका पंगतीला बसलो, पण बोललो नाही. मी त्याला तेव्हाही सांगितलं, आताही सांगते. पेटी खणखणीत होती, आणि ती खणखणीत आहे हे चिपळूणच्या त्या घराला मी तिथं जाऊन दाखवलं म्हणूनच कळलं. नंबर ब्लॉक केला असता तर अण्णांची पेटी कायमची 'पुरातली, गळ्यात मारलेली' ठरली असती. दीड हजार पेटीच्या खोटेपणाचे नव्हते, माझ्या अर्धवट उत्तराचे होते.

आता तुमच्या मशीनचं. घेणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: टेम्पोत चढवताना ड्रम बांधायचे ट्रान्झिट बोल्ट लावले होते का? फ्रंट लोडच्या मागच्या बाजूला ते बसवतात. ते न लावता नेलं तर खड्ड्यांनी ड्रम आपटतो आणि आतल्या स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर जातात. उलट लावले आणि काढायचे राहिले, तरी मशीन असंच नाचतं. दुसरं, चारही पाय जमिनीला सारखे टेकतायत का ते बघायला सांगा. पिळतानाचा व्हिडिओ मागवा, मागच्या बाजूचा फोटो मागवा. बोलणं फोनवर नको, लिहून करा. आणि तुमच्याकडे असताना मशीन कधी असं हललं होतं का, ते स्वतःला खरं खरं विचारा. हललं असेल आणि बोलला नसाल, तर दुरुस्तीतला निम्मा खर्च उचला.

पोलिसांच्या धमकीनं घाबरू नका. सुरुवातीपासून फसवायचा हेतू असल्याशिवाय हा फौजदारी मामला होत नाही. तुम्ही मशीन विकायचा धंदा करत नाही, तेव्हा वर म्हटलेला ग्राहक कायदाही तुमच्यासाठी नाही. तुम्हाला लागू आहे १९३० चा वस्तू विक्री कायदा. त्याच्या कलम १६ चा कल 'घेणाऱ्यानं बघून घ्यावं' असाच आहे, तेवढ्यापुरता दादा बरोबर होता. पण कलम १५ म्हणतं की वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनाला जुळली पाहिजे. आणि माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकली, तर ती १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ खाली फसवणुकीत येते. 'उत्तम स्थिती' हे दोन शब्द लोक जाहिरातीत विचार न करता टाकतात, मीही टाकले होते. काय बदललंय, काय वाजतं, कुठं टवका गेलाय ते लिहा. भाव पाचशेनं पडेल, रात्रीचे मेसेज येणार नाहीत.

हे सगळं तक्रार खरी असेल तर. कांगावा करणारेही भेटतात. व्हिडिओ पाठवायला टाळाटाळ, 'वस्तू राहू दे, अर्धे पैसे आत्ताच्या आत्ता टाका', किंवा 'हा क्यूआर कोड स्कॅन करा, म्हणजे हिशोब मिटतो' असं ऐकू आलं की तिथंच थांबा. पैसे परत द्यायचेच झाले तर वस्तू हातात आल्यावर, चालवून बघितल्यावर, आणि ज्या खात्यातून आले त्याच खात्यात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोणी पिन टाकायला सांगितला तर ते तुमचेच जाणार. आणि माझ्यासारखं उठून घाट ओलांडून प्रत्येकानं जावं असंही मी म्हणत नाही. वडिलांची पेटी होती म्हणून मी गेले. मशीनसाठी जवळचा मेकॅनिक पाठवला तरी पुरे, त्याची फी आधी कोण देणार ते लिहून ठरवून घ्या.

दादा, एक राहिलं. तुला वाटतंय की ते दीड हजार मी तुझ्याही वाट्यातून दिले. तुझं पासबुक बघ. तुला सात हजार आलेत, चौदाचे निम्मे. दीड हजार माझ्या वाट्यातले गेले.