टीव्हीटीसाठी (कुत्र्यांत समागमातून पसरणारा गाठीचा कॅन्सर) केमो चालू आहे, कुत्री जेवत नाही. घरी काय करावं?

व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या इंजेक्शननंतर एक-दोन दिवस अन्नावरची वासना जाते, घाबरू नका. टीव्हीटी हा कॅन्सर बहुतेकदा पूर्ण बरा होतो. आठवड्याला एक अशी साधारण ४ ते ६ इंजेक्शनं लागतात.

आमची चंपी ताटलीला नुसतं नाक लावून मागे फिरायची. मऊ पेज आणि काटे काढलेला उकडा बांगडा, कोमट, बिनमिठाचा, बोटावर धरला की हळूहळू चाटायची. कच्ची मासळी मात्र या दिवसांत नकोच. इंजेक्शननंतर आठवडाभरात पांढऱ्या पेशी उतरतात, साधा जंतूही भारी पडतो. ताप १०३च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका, डॉक्टरांना तेव्हाच फोन करा. आपली तापाची, दुखण्याची गोळी मनाने अजिबात देऊ नका.

दर इंजेक्शनाआधी रक्त तपासाच. गोचीडतापानेही पेशी घटतात, आणि पावसाळ्यात आपल्याकडे गोचिडी किती होतात ते तुम्हाला माहीतच आहे. रोज कानामागे, बोटांच्या बेचक्यांत बघा.

दोन-तीन दिवस तिची शू-शी हातमोजे घालून काढा. घरात कोणी गरोदर असेल तर तिला हे काम देऊ नका. सुई टोचलेला पाय सुजला, लाल झाला, तर लगेच दाखवा. औषध शिरेबाहेर गेलं तर तिथलं मांस सडतं.