गाडीच्या प्लास्टिकवरील रंगाचे शिंतोडे कसे काढावेत?
घराच्या रंगकामात गाडीच्या काळ्या, न रंगवलेल्या बंपरवर पडून वाळलेले शिंतोडे काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले सुती कापड त्यांवर पाच मिनिटे दाबून ठेवावे आणि मऊ झालेला रंग नखाने, खरखरीत पृष्ठभागाच्या खाचांतला जुन्या टूथब्रशने, हळूहळू उचलावा. नाशिकला अंबडमध्ये बंपर रंगवण्याचे काम करताना रोज दिसते की हे प्लास्टिक बहुधा पॉलिप्रोपिलीन असते आणि प्रायमरशिवाय त्यावर रंग घट्ट धरत नाही. त्यामुळे खरवडण्याची घाई करू नये. काम सावलीत करावे, कारण उन्हात अल्कोहोल रंगात मुरण्याआधीच उडून जाते. मात्र हेडलाइटची काच बहुतेक गाड्यांत पॉलिकार्बोनेटची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची असते. तिला थिनर किंवा ॲसिटोन अजिबात लावू नये, बारीक तडे जाऊन ती कायमची धुरकट होते.