लेकीला कबड्डीला पाठवू का?

ताई, पाठवा. पण आधी दोन संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून बघा. पहिल्याच दिवशी पकडी लावायला सांगत असतील, तर तिथे नको. आधी पडायला शिकवलं पाहिजे. हात ताठ टेकला की मनगट दुखावतं. खांद्यावरून लोळण घेतली की पोर हसत उठते. जोडी वयापेक्षा वजनाची बघा. माझ्या मुलाचा घोटा दुप्पट वजनाच्या पोराच्या पकडीत मुरगळला, तरी 'काही नाही झालं' म्हणत त्याला परत चढाईला पाठवलं. मी गप्प बसलो, ते अजून सलतं. नखं कापलेली हवीत, तो तर नियमच आहे. आणि डोक्याला मार बसला तर त्या दिवशी खेळ बंद, अंतिम सामना असला तरी. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मॅटवर पाठवू नका.