मार्गदर्शक तयार विषय घ्यायला सांगतात, मला माझ्या गावावर प्रबंध लिहायचा आहे. काय करावे?

तुमचा प्रश्न मला असा समजला: एम.ए. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पासाठी मार्गदर्शकांनी ‘जिल्ह्यातील पीक प्रारूप’ (कोणते पीक किती क्षेत्रावर घेतले जाते) हा विषय सुचवला आहे आणि नमुना म्हणून त्याच विषयावरचा एक जुना प्रबंध तुमच्या हाती दिला आहे. तुम्हाला मात्र शिरपूर तालुक्यातील आपल्या गावच्या विहिरींच्या पाणीपातळीवर काम करायचे आहे. शिवाय प्रबंध किती पानांचा असावा, हेही तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे. गावच्या विहिरी घ्या आणि तो जुना प्रबंध मार्गदर्शकांना नम्रपणे परत करा. जो प्रबंध समोर ठेवून दुसरा प्रबंध तयार होतो, त्या दुसऱ्या प्रबंधातून कोणालाही काही मिळत नाही, आणि लिहिणाऱ्याला तर सर्वांत कमी मिळते.

मी धुळे जिल्ह्यातील एका महाविद्यालयात अनेक वर्षे भूगोल शिकवला आणि एम.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी मार्गदर्शन केले. तुमच्या प्रश्नात जो वाद आहे, तोच वाद आमच्या विभागात माझा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी झाला होता आणि तो आजही मिटलेला नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

साक्री तालुक्यातील पांझरेकाठच्या एका गावची विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. तिचे वडील फडावर पाटकरी होते. खान्देशातील वाचकांना फड पद्धत सांगायला नको, पण तुमच्या पिढीतील अनेकांनी ती चालताना पाहिलेली नसेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालचे सगळे क्षेत्र म्हणजे थळ, आणि थळाचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी पीक पुढच्या फडात सरकवायचे. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असल्यामुळे पाणी कमी पडले तर एखादा फड कोरडा ठेवता येतो आणि तोटा सगळ्यांमध्ये वाटला जातो. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, राखणीचे जागल्याचे, आणि सगळ्यांवर पंच. सरकारी खात्याशिवाय गावांनी ही व्यवस्था तीन-चारशे वर्षे चालवली. तिला आपल्या गावच्या थळात शेवटचा फड कोरडा का पडत चालला आहे, यावर लिहायचे होते.

आराखडा मंजूर करण्याच्या बैठकीत ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दोन आक्षेप घेतले. पहिला असा की फड पद्धतीवर पुष्कळ लिहून झाले आहे, तेव्हा एम.ए.च्या मुलीने त्यात नवीन काय सांगायचे? दुसरा असा की गावपातळीची छापील साधने मिळत नाहीत, तेव्हा जनगणना आणि जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन ही सरकारी आकडेवारीची प्रकाशने हाताशी घेऊन पीक प्रारूपावर लिहावे, म्हणजे तक्ते तयार मिळतात आणि काम वेळेत पूर्ण होते. तुमच्या मार्गदर्शकांनी सुचवलेला विषय हाच आहे, हे पाहून मला आश्चर्य वाटले नाही. तो विषय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

मी त्या बैठकीत म्हणाले की ज्या धुळे शहरात इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले, त्या शहरात बसून आपण ‘छापील साधने नाहीत’ हे कारण देऊ नये. राजवाड्यांनी आयुष्यभर गावोगावच्या घरांतली दप्तरे शोधली आणि जमवली. साधने छापलेली नव्हती, म्हणून तर त्यांना हिंडावे लागले. त्या दिवशी आराखडा मंजूर झाला, परंतु तो मनापासून झाला नव्हता हे मला दिसत होते.

तिने काम कसे केले ते सांगते, कारण तुमच्या विहिरींना ते जसेच्या तसे लागू पडेल. तिने प्रथम गावाचा गट नकाशा मिळवला, थळातील प्रत्येक गटाचा सातबारा काढला आणि कोणत्या गटात विहीर आहे याची नोंद स्वतः शेतात जाऊन तपासली, कारण उताऱ्यावरील विहीर आणि शेतातील विहीर यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. मग पंचांच्या जुन्या वह्या मागितल्या. त्या सहज मिळाल्या नाहीत. एका वृद्ध पंचांनी तिला विचारले, “बेटी, हाई समदं तू कसाले लिखी राहिनी?” तिने पाटाच्या कडेला बसून त्यांना सगळे समजावून सांगितले, तेव्हा वह्या मिळाल्या. दरवर्षी पाटातला गाळ उपसायला आणि बंधाऱ्याची डागडुजी करायला कोणत्या घरातून माणूस आला आणि कोणत्या घरातून आला नाही, हे त्यांत लिहिलेले होते.

पाण्याच्या मोजणीसाठी आमच्याकडे प्रवाहमापक नव्हता. पाटाचा सरळ तुकडा निवडायचा, अंतर मोजून दोन खुंट्या ठोकायच्या, लाकडाचा हलका तुकडा सोडून वेळ मोजायची, पृष्ठभागावरील वेगाला साधारण ०.८५ ने गुणून सरासरी वेग काढायचा आणि पाटाच्या काटछेदाच्या क्षेत्रफळाने तो गुणायचा, एवढीच पद्धत तिने वापरली. पाटाच्या तोंडाशी आणि शेवटी अशी दोन ठिकाणी मापे घेतली की वाटेत किती पाणी गेले ते कळते.

तिच्या हाती आले ते असे. पाटाच्या तोंडाकडील शेतकऱ्यांनी विहिरी घेतल्या होत्या, त्यामुळे पाट उपसायला येण्याची त्यांना गरज उरली नव्हती आणि वह्यांतून त्यांच्या घरांची नावे वर्षागणिक कमी होत गेली होती. पाटात गाळ साचला आणि शेवटच्या फडापर्यंत पाणी पोचेनासे झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या विहिरींच्या भरवशावर त्या शेतकऱ्यांनी पाटाकडे पाठ फिरवली होती, त्यांतील पाणी पाटाला पाणी असताना वाढत होते आणि पाट बंद झाला की उतरत होते. जो पाट ते उपसत नव्हते, त्याच्याच पाझरावर त्यांच्या विहिरी चालत होत्या. नदीच्या वरच्या अंगाला झालेल्या धरणांमुळे प्रवाह बदलला, हेही कारण तिने प्रबंधात नोंदवले होते, परंतु एकाच पाटाच्या तोंडाला पाणी आणि शेवटाला कोरड, याचे उत्तर धरणातून मिळत नाही.

तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी तिच्याकडे मापांची मूळ वही मागितली. तिने ती पुढे ठेवली. चिखलाचे डाग पडलेल्या त्या वहीतील आकडे त्यांनी प्रबंधातील तक्त्याशी ताडून पाहिले आणि पुढचा सगळा वेळ ते तिच्याशी पाझराविषयीच बोलले. त्यानंतर विभागात चहाच्या वेळी माझे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “पाटकऱ्याच्या मुलीने पाटाविषयी लिहिले, त्यात संशोधन कोणते?”

या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हाही दिले होते आणि आजही देते. तिच्या वडिलांना पाण्याची पाळी तोंडपाठ होती, परंतु शेवटचा फड का कोरडा पडतो असे विचारले तर ते पाऊस कमी झाला म्हणून सांगत. गावातील प्रत्येकाचे कारण वेगळे होते आणि प्रत्येकाला आपलेच खरे वाटत होते. त्या सगळ्या कारणांतून एक कारण वह्या, नकाशा आणि मापे यांच्या आधारे दाखवून देणे आणि ते दुसऱ्याला पुन्हा तपासता येईल अशा रीतीने मांडणे, यालाच संशोधन म्हणतात. गावची ओळख असल्यामुळे तिला प्रश्न लवकर सापडला. उत्तरासाठी तिला इतर कोणाहीइतकेच राबावे लागले. याउलट तयार तक्त्यांवर टक्केवारी काढून आणि पायचित्रे रंगवून जो प्रबंध होतो, त्यात विद्यार्थ्याने पाहिलेले काहीच नसते. शंभर प्रश्नावल्या वसतिगृहाच्या एकाच खोलीत, एकाच हस्ताक्षरात भरलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि असा प्रबंध स्वीकारणाऱ्या मार्गदर्शकाचा दोष विद्यार्थ्यापेक्षा मोठा मानते.

मार्गदर्शकाचे काम विषय देणे नव्हे. विद्यार्थ्याने आणलेला विषय एका वर्षात मावेल एवढा लहान करून देणे आणि प्रत्येक प्रकरण पेन्सिल हातात घेऊन वाचणे, ही त्याची दोन कामे. सगळी प्रकरणे एकदम, बाइंडिंगच्या आदल्या आठवड्यात घेणारा मार्गदर्शक वाचत नाही, फक्त सही करतो. क्षेत्रभेटीची वही दर भेटीत पाहिली पाहिजे. आजकाल साम्य तपासणाऱ्या संगणक प्रणालीवर सगळी भिस्त ठेवली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्के असेल तर दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावे लागते, ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सादर करता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणी रद्द होते. हे नियम पदव्युत्तर प्रबंधालाही लागू आहेत. परंतु युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर त्या प्रणालीला मराठी म्हणून वाचताच येत नाही, आणि विभागाच्या कपाटात पडून असलेले जुने एम.ए.चे प्रबंध तिच्या साठ्यात नसतात. तेव्हा मराठीतील नक्कल ओळखणारा माणूस मार्गदर्शकच असतो, आणि त्यानेच नमुन्यादाखल जुना प्रबंध हाती द्यावा हे मला मुळीच पटत नाही. तुम्ही मात्र सुरुवातीपासून युनिकोडमध्येच टाइप करा.

पानांविषयी माझे मत असे की मापे, नकाशे आणि त्यांचा अर्थ मांडून झाला की प्रबंध पूर्ण होतो. विभागाने किमान मर्यादा ठरवली असेल तर ती अभ्यासक्रमपत्रिकेत पाहा, आणि ती गाठण्यासाठी ‘भूगोलाची व्याख्या’ व ‘जिल्ह्याचा इतिहास’ अशी प्रकरणे भरू नका.

काही गोष्टी मार्गदर्शकांच्या बाजूनेही सांगितल्या पाहिजेत. महाविद्यालयांत पदे रिक्त आहेत, तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर कामाचा मोठा भार आहे, आणि २०२३-२४ पासून लागू झालेल्या नव्या शैक्षणिक धोरणानुसार तिसऱ्या सत्रात ४ व चौथ्या सत्रात ६ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) संशोधन प्रकल्प आल्यामुळे एकेका शिक्षकाकडे पूर्वीपेक्षा बरेच अधिक विद्यार्थी आले आहेत. तुमच्या मार्गदर्शकांनी तयार विषय सुचवला तो कदाचित याच ओढाताणीतून. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत विषय मार्गदर्शकांच्या चालू कामातून येतो आणि तेथे तसेच योग्य आहे. मी लिहिले ते क्षेत्रकार्यावर चालणाऱ्या विषयांपुरते. स्वतःच्या गावावर लिहिण्याची एक जोखीमही आहे. विहिरींवरून भाऊबंदकीचे दावे चालू असतात, तेव्हा प्रबंधात शेतकऱ्यांची नावे देऊ नका, विहिरींना क्रमांक द्या, आणि आपल्या काकांच्या विहिरीचे मापही इतरांच्या विहिरीइतक्याच काटेकोरपणे घ्या.

आता तुमच्या विहिरींकडे येते. शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे, त्यामुळे नाल्याजवळच्या आणि नाल्यापासून दूरच्या विहिरींची तुलना हा तुमचा नेमका प्रश्न होऊ शकतो. संपूर्ण तालुका घेऊ नका, एका शिवारातील मोजक्या विहिरी घ्या. गाळाच्या जमिनीतील विहिरी आणि काळ्या खडकातील विहिरी एकाच तक्त्यात मिसळू नका, कारण दोन्हींत पाणी साठण्याची रीत वेगळी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी मागून घ्या, म्हणजे तुमच्या मापांना जुनी पार्श्वभूमी मिळेल. माप पंप बंद असताना, शक्यतो सकाळी उपसा सुरू होण्यापूर्वी घ्यावे.

मार्गदर्शकांकडे तोंडी हट्ट धरून जाऊ नका. गट नकाशा, निवडलेल्या विहिरींची यादी आणि दोन पानांचा आराखडा घेऊन जा. बहुतेक शिक्षक एवढी तयारी पाहिली की होकार देतात. तरीही नकार मिळाला तर तोच आराखडा अर्जासोबत विभागप्रमुखांकडे द्या आणि अर्जाची पोच घ्या. दरम्यान मोजणी मात्र थांबवू नका, कारण पावसाळ्यानंतरची पातळी ऑक्टोबरमध्ये मोजावी लागते आणि त्या वेळी तुमचे तिसरे सत्र चालू असेल. ते माप हुकले तर चौथ्या सत्रात तुलना करायला तुमच्याकडे फक्त उन्हाळ्याचे आकडे राहतील.