रॅगटाइम म्हणजे सुरुवातीचा जॅझच ना? तो आला कुठून आणि पुढच्या संगीतावर त्याचा काय परिणाम झाला?

नाही, जॅझच्या आधीचा आहे, पण जॅझ नव्हे. रॅगटाइम मुळात लिहून बांधलेलं संगीत. नोटेशन छापलं जायचं, लोक ते विकत घेऊन घरच्या पियानोवर वाजवायचे.

पियानोवादकाचा डावा हात लष्करी मार्चसारखा सरळ चालतो आणि उजवा हात मुद्दाम मात्रांच्या अधेमधे आघात देतो. ठेका सरळ चालू असताना आपला गवई समेच्या जरा आधी किंवा नंतर येतो ना, त्याच जातीची गंमत. फक्त इथे ठेका आणि गवई एकच माणूस.

हे घडलं १८९० च्या दशकात, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांमध्ये, विशेषतः मिसूरी राज्यात. बॅन्जोवादन आणि केकवॉक नाचाची लय त्यांच्या अंगात होती आणि बँडचे मार्च सगळीकडे वाजतच होते. मोठे हॉल त्यांना सहसा बंद, त्यामुळे ही कला वाढली दारूच्या गुत्त्यांत आणि कुंटणखान्यांत. मिसूरीतल्या सेडेलिया या रेल्वेच्या गावी रॅगटाइमचा सर्वांत नावाजलेला संगीतकार स्कॉट जॉप्लिन राहत होता. त्याचा 'मेपल लीफ रॅग' १८९९ मध्ये जॉन स्टार्कने छापला, तोही प्रत्येक प्रतीमागे एक सेंट रॉयल्टीच्या कराराने. त्या काळात कृष्णवर्णीय संगीतकाराला असा करार मिळणं दुर्मीळ होतं. रॅगटाइम भरधाव वाजवू नका, अशी सूचना जॉप्लिन नोटेशनवरच छापायचा. यूट्यूबवरचे बहुतेक वादक ती वाचत नसावेत.

परिणाम म्हणाल तर हार्लेममध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीत, जेम्स पी. जॉन्सनसारख्या पियानोवादकांनी त्यातून 'स्ट्राइड' ही जॅझ पियानोची शैली घडवली. डेब्युसी (१९०८) आणि स्ट्रॅविन्स्की (१९१८) या युरोपातल्या शास्त्रीय संगीतकारांनाही रॅगटाइमचा मोह झाला. अर्विंग बर्लिनचं १९११ चं 'अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड' हे गाणं तुफान गाजलं. माझ्या मते त्यात रॅगटाइम नावापुरताच, पण या लयीचं वेड घरोघरी पोचवण्यात त्याचा वाटा मोठा.

एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीस युरोप नावाच्या बँडप्रमुखाच्या रॅगटाइम काळातल्या ऑर्केस्ट्रात कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवणारा क्रिकेट स्मिथ १९३६ मध्ये ताजमहाल हॉटेलात बँड चालवत होता. त्याच्याबरोबर पियानोवर होता टेडी वेदरफर्ड. या वेदरफर्डच्या बँडमध्ये वाजवलेला गोव्याचा फ्रँक फर्नांड पुढे हिंदी सिनेसंगीतात गेला.

रॅगटाइम आणि जॅझमधला फरक कानांनी पडताळायचा असेल तर न्यू ऑर्लीन्सचा जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टन याची १९३८ ची, लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी केलेली ध्वनिमुद्रणं शोधा. त्यात तो 'मेपल लीफ रॅग' आधी मिसूरीच्या पद्धतीने वाजवतो आणि मग आपल्या न्यू ऑर्लीन्सच्या ढंगात. दुसऱ्या वेळी तुमचा पाय आपोआप हलायला लागेल.