शेवटच्या निरोपाची गाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय ७२ वर्षे आहे. गेली अनेक वर्षे आमच्या गल्लीतल्या महिला भजनी मंडळात मी गाते. प्रकृती उत्तम आहे. तरीही मी गेल्यावर घरातून नेताना आणि स्मशानात कोणती गाणी लावावीत, याची यादी मी एका वहीत लिहून ठेवली आहे. तीत चार अभंग आहेत, भा. रा. तांबे यांचे ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’ आहे आणि माझ्या दिवंगत यजमानांच्या आवडीचे एक भावगीत आहे. मुलाला वही दाखवली तेव्हा तो चिडला. ‘असले अभद्र बोलू नकोस, आणि मयताला गाणी लावायला ते काय लग्न आहे का?’ असे म्हणून उठून गेला. माझे चुकते आहे का? ही इच्छा मृत्युपत्रात लिहावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचे काहीही चुकत नाही, आणि तुमच्या मुलाचा रागही मी समजू शकते. आईच्या हस्ताक्षरात तिच्याच अंत्ययात्रेचा तपशील वाचावा लागला, तर कोणाच्याही पोटात कालवाकालव होईल. त्या रागाशी वाद घालू नका. मात्र मयताला गाणी नसतात, हा त्याचा समज बरोबर नाही, कारण आपल्याकडे मयत मुके कधीच नव्हते. वारकऱ्याच्या घरचे माणूस गेले की तिरडीपुढे टाळ-मृदंगाचा गजर चालतो, लिंगायत समाजात भजन म्हणत अंत्ययात्रा निघते, बौद्ध कुटुंबांत त्रिशरण-पंचशील म्हटले जाते, वसईच्या ख्रिस्ती घरांत शेवटच्या प्रार्थनेत गीते असतात, आणि यांतले काहीच नसले तरी ‘श्रीराम जयराम जय जय राम’ हा घोष खांदेकऱ्यांच्या पावलांना लय देत असतोच. आजवर हे सूर गाव आणि समाज ठरवीत असे. आता ते जाणारे माणूस ठरवू पाहते आहे, एवढाच काय तो फरक.

तोही वाटतो तितका नवा नाही. ‘आम्ही जातो आपुल्या गावा । आमचा रामराम घ्यावा’ हा तुकोबांचा अभंग म्हणजे निघालेल्या माणसाने स्वतःच घेतलेला निरोप आहे. त्यात ‘तुमची आमची हेचि भेटी । येथुनियां जन्मतुटी’ ही ओळ येते आणि तिथे भजन म्हणणाऱ्याचाही आवाज कापतो. तुमच्या चार अभंगांत तो असेलच, असे मी गृहीत धरते. आळंदीला कार्तिक वद्य त्रयोदशीला, १२९६ साली ज्ञानेश्वरांनी घेतलेल्या समाधीचा प्रसंग नामदेवांच्या अभंगांतून कीर्तनात उभा राहतो, तेव्हा सातशेहून अधिक वर्षांनंतरही ऐकणाऱ्यांना हुंदका आवरत नाही. गाण्याने दुःख हलके होते, असे मी म्हणणार नाही; कोंडलेले रडू मोकळे होते, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

ते पाहिले माझ्या मावशीच्या वेळी. तिनेही एक अभंग सांगून ठेवला होता. सकाळी दहाच्या सुमारास तिला अंगणात ठेवले, तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घातले, आणि भाच्याने मोबाइलवर तो अभंग लावला. दुसरे कडवे सुरू होते न होते तोच मध्ये जाहिरात आली, ती बंद करेपर्यंत कोणाचा तरी फोन आला, आणि ‘किती वाजता नेणार?’ हा प्रश्न स्पीकरवरून साऱ्या अंगणाने ऐकला. भाचा कानकोंडा झाला. क्षणभर कोणालाच काही सुचेना. तेवढ्यात तिच्याबरोबर भजनात बसणाऱ्या एक बाई पुढे आल्या, दाराआडच्या खिळ्याला टांगलेले मावशीचेच टाळ त्यांनी काढले आणि जिथे अभंग तुटला होता तिथूनच धरला. दोन ओळींनंतर बाकीच्या बायकांनी सूर मिळवला. टाळांची दोरी मावशीने लाल लोकरीची विणलेली होती, आणि ती त्या बाईंच्या बोटांभोवती गुंडाळलेली मला अजून दिसते. म्हणून तुम्हाला माझे पहिले सांगणे असे की, ज्यांच्या शेजारी बसून तुम्ही इतकी वर्षे गायलात त्या तुमच्या मैत्रिणी हाताशी असताना ध्वनिमुद्रण कशाला? अभंग त्यांच्यावर सोपवा, आणि आजच सोपवा. कोणता अभंग, कोणी धरायचा, किती कडवी, हे त्यांना माहीत असू द्या.

भावगीताचे मात्र ध्वनिमुद्रणच लागेल, आणि ते इंटरनेटवर अवलंबून ठेवू नये. गाणे आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यावे, त्यावर नाव लिहून ते वहीच्या पाकिटात ठेवावे, आणि ते ज्या छोट्या स्पीकरवर चालते तो स्पीकर घरात आहे याची खात्री करावी. फोनवरूनच लावायचे असेल तर तो आधी विमान-स्थितीत (फ्लाइट मोडवर) टाकायला विसरू नये.

आता यादीकडे वळू. सहा गाणी फार होतात. घरातून निघण्यापूर्वीचा वेळ आंघोळ, हार, शेवटचे दर्शन यांत जातो आणि माणसे सारखी ये-जा करत असतात. महापालिकेच्या स्मशानभूमीत तर पास दाखवणे, नोंद करणे, मग काही मंत्र, आणि विद्युतदाहिनीचे दार उघडून बंद होईपर्यंत मोजकी मिनिटे मिळतात. शेजारच्या ओट्यावर दुसऱ्या कोणाचे तरी माणूस असते, त्यांचेही दुःख तेवढेच ताजे असते. तिथे मोठ्या आवाजात काहीही लावणे मला योग्य वाटत नाही. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो उघड्यावर लावताच येत नाही, तेव्हा तो विचारच नको. घरातून निघताना एक अभंग, स्मशानात हलक्या आवाजात एक, आणि उरलेले सारे दहाव्यानंतर घरी किंवा शोकसभेत, अशी वाटणी मी सुचवीन. यजमानांच्या आवडीचे गीत तर शोकसभेतच शोभेल, कारण ते का निवडले हे तिथे कोणी तरी दोन वाक्यांत सांगू शकेल.

तांब्यांच्या कवितेबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. वसंत प्रभूंच्या चालीत लता मंगेशकरांनी गायलेले ते गीत मलाही अतिशय प्रिय आहे, आणि आपण गेल्यावर जगाचे काही अडत नाही हा त्यातला भाव माणसाने स्वतःशी म्हणावा इतका खरा आहे. परंतु तुम्ही म्हणता तेव्हा तो विरक्तीचा सूर असतो, आणि तुमच्या मुलाने त्या दिवशी ते ऐकले तर ‘तूही मला पळभरच आठवशील’ असे आई सुनावते आहे, असे त्याला वाटेल. ते यादीतून काढाच, असे मी म्हणत नाही. तुम्ही हयात असताना, एखाद्या संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून ते दोघांनी मिळून ऐका. त्याला ते पेलले तर ठेवा.

मुलाशी बोलायचा मार्गही मला यातच दिसतो. त्याला यादी वाचायला देऊ नका. रोज एक गाणे ऐकवा आणि ते तुम्हाला कुठे, केव्हा भेटले ते सांगा. अंत्ययात्रेचा विषय काढूही नका. वहीत एक ओळ कोरी ठेवा आणि ती भरण्याचे काम त्याच्यावर सोपवा. आईसाठी कोणते गाणे लावावेसे वाटते, हे ठरवायचा हक्क त्याचाही आहे.

मृत्युपत्राविषयी : तिथे हे लिहून उपयोग नाही. ते बहुधा सारे दिवस उरकल्यावर उघडले जाते, आणि मुख्यतः मालमत्तेसाठी असते. साध्या कागदावर एका पानात लिहा, तारीख घालून सही करा, आणि त्याची एक प्रत मुलाकडे व एक भजनी मंडळातल्या एखाद्या मैत्रिणीकडे द्या. तुम्ही देहदानाचा अर्ज भरला असेल तर तेही त्या पानावर हवे, कारण अशा वेळी वैद्यकीय महाविद्यालयाला वेळेत कळवावे लागते, स्मशानाचा प्रश्नच उरत नाही आणि जे गायचे ते घरीच गावे लागते.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहते. वडील माझ्याकडेच असतात. आपल्या अंत्यविधीला भजन व्हावे आणि पुण्यातल्या भावंडांनी ते ऐकावे, एवढीच त्यांची इच्छा आहे. नातवंडांना मराठी वाचता येत नाही. हे कसे जमवावे?
– एक वाचक, लंडनजवळून

उत्तर : तुमच्याकडे एका दृष्टीने सोपे आहे. तिथे मृत्यू आणि दहन यांत बहुधा दोन-तीन आठवडे जातात, त्यामुळे तयारीला उसंत मिळते. दहनगृहातील सभागृह मात्र साधारण अर्ध्या ते पाऊण तासासाठीच मिळते, आणि संगीताला बहुधा तीन जागा असतात : शवपेटी आत आणताना, निरोपाच्या क्षणी, आणि लोक बाहेर पडताना. भजन मधल्या जागी ठेवावे. ते स्वतः गाणार असाल तर घड्याळ लावून एकदा म्हणून पाहा, कारण आळवत गेलेला एकच अभंग सहज दहा मिनिटे घेतो. ध्वनिमुद्रण लावायचे असेल तर अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्यांकडे ते काही दिवस आधी सोपवून, नेमके तेच चालू होते आहे याची खात्री करून घ्या. त्याच अभंगाची दुसऱ्याच गायकाची ध्वनिमुद्रिका लागण्याचा घोटाळा नेमका इथेच होतो.

अनेक दहनगृहांत विधीचे थेट प्रक्षेपण मिळते. पुण्याची वेळ हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असते, तेव्हा तुमच्याकडची सकाळची वेळ मागा, म्हणजे तिकडच्या वयस्कर मंडळींना रात्री जागावे लागणार नाही. नातवंडांसाठी विधीच्या पत्रिकेत अभंग देवनागरीबरोबर रोमन लिपीतही छापा आणि खाली इंग्रजीत दोन ओळींचा अर्थ द्या. वडील अजून तुमच्यापाशी आहेत, तेव्हा तो अर्थ त्यांच्याकडूनच सांगून घ्या, आणि ध्रुवपद त्यांनीच नातवंडांना शिकवावे.