बेटांवरची वाळवी आणि माळ्यावरचे चिकट कागद

प्रश्न : आमच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्याचे खांब आणि तुळया सागवानी आहेत. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर परदेशातून आलेल्या वाळवीवर नजर ठेवण्यासाठी घरांत चिकट कागद टांगतात, असे वाचले. आम्हीही माळ्यावर तसे कागद लावावेत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : लावायला हरकत नाही, मात्र त्यावरून काय कळते आणि काय कळत नाही, हे आधी पाहू. अझोर्समधील आंग्रा दो एरोइज्मो हे शहर १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथली घरे पोखरणारी वाळवी कोरड्या लाकडातच राहते, तिला मातीची गरज नसते. मूळची चिली-पेरूच्या किनाऱ्याकडची ही जात लाकडी सामानाबरोबर जगभर गेली, कारण खुर्चीच्या एका पायातही तिची वसाहत मावते. उन्हाळ्यात अंधार पडल्यावर तिचे पंखवाले किडे दिव्याकडे झेपावतात आणि जवळच्या पिवळ्या चिकट कागदावर अडकतात. दरवर्षी त्याच जागी त्यांची मोजदाद केली, की प्रादुर्भाव कोणत्या भागात वाढला आणि कुठे नव्याने शिरला, हे समजते. वसाहत मात्र लाकडात सुरक्षितच राहते.

नाशिकमध्ये बहुतेकदा गाठ पडते ती जमिनीतून येणाऱ्या, ओल लागणाऱ्या वाळवीशी. पहिल्या पावसानंतर दिव्याखाली पंखांचा खच पडतो तो सहसा तिचाच, आणि ते किडे शेजारच्या मोकळ्या जागेतूनही आलेले असतात; त्यामुळे कागद भरला म्हणून वाडा पोखरला, असे समजू नये. त्यापेक्षा टॉर्च घेऊन जोते, खांबांची बुडे आणि न्हाणीघराची भिंत नियमित तपासावी. मातीची नळी दिसल्यास मध्येच बोटभर फोडून ठेवावी. काही दिवसांत ती पुन्हा लिंपली गेली, तर वाळवी आत नक्की आहे.

कोरड्या लाकडातल्या वाळवीची खूण निराळी असते. तुळईखाली खसखशीएवढे कडक दाणे पडतात आणि भिंगातून पाहिल्यास त्यांना सहा बाजू दिसतात. मऊ पीठ पडत असेल, तर ते बहुधा लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे काम असते. दाणे झाडून खाली पांढरा कागद अंथरावा; पुन्हा साचल्यास ते किडनियंत्रणाच्या जाणकाराला दाखवावेत. हल्ली पाडलेल्या वाड्यांचे दरवाजे सजावटीसाठी हौसेने विकत घेतले जातात. आपल्याकडचे असे दाणे पडणारे लाकूड उपचार होईपर्यंत कोणालाही देऊ नये.